वेगळेपण आणि निरोप : 'एव्हांगेलियन'च्या अखेरच्या चित्रपटातला प्रश्न

हिदेआकी आन्नो यांचा 'शिन एव्हांगेलियन' हा ॲनिमेशनपट ८ मार्च २०२१ रोजी जपानमध्ये प्रदर्शित झाला. १९९५ मध्ये दूरचित्रवाणीवर सुरू झालेली एक कथा त्याने संपवली. मधल्या २५ वर्षांत या कथेवर एक मालिका, दोन जुने चित्रपट आणि चार नवे चित्रपट निघाले. वरवर पाहता ही महाकाय यंत्रदेह चालवणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलांची साहसकथा आहे. तिच्या गाभ्याशी मात्र धर्मचिंतनातला एक जुना प्रश्न आहे. माणसामाणसांतले वेगळेपण हा दोष आहे का? आणि तो कायमचा दूर करण्याची सोय झाली, तर ती स्वीकारावी का? आन्नोंनी या प्रश्नाचे उत्तर दोनदा दिले, एकदा १९९७ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये. दुसऱ्या वेळचे उत्तर कथेपुरते राहिले नाही. चित्रपट कसा घडवला गेला आणि लोकांपुढे कसा नेला गेला, यातही ते उतरले आहे.

आन्नोंचा जन्म १९६० मधला, यामागुची प्रांतातल्या उबे या कारखान्यांच्या गावातला. हायाओ मियाझाकी यांच्या 'नौसिका' (१९८४) या चित्रपटातल्या महायोद्ध्याची दृश्ये त्यांनी चितारली होती. त्याच वर्षी मित्रांसोबत त्यांनी गायनॅक्स हा स्टुडिओ काढला. नव्वदीच्या सुरुवातीला 'नादिया' ही मालिका संपल्यावर ते काही वर्षे नैराश्यात बुडाले, काम होईना. त्या काळोखातून 'एव्हांगेलियन' निघाली. ४ ऑक्टोबर १९९५ ते २७ मार्च १९९६ या काळात टीव्ही टोकियोवर तिचे २६ भाग दाखवले गेले. कथेत एका महासंहारात निम्मी मानवजात नष्ट झाली आहे. हाकोने परिसरात उभारलेल्या 'तिसऱ्या टोकियो'वर अनाकलनीय जीव चालून येतात. शिंजी इकारी या मुलाला त्याचा बाप, गेंदो, कित्येक वर्षांनी बोलावून घेतो, ते एव्हा नावाच्या अजस्र देहात बसून लढण्यासाठी. भेटीत मायेचा एक शब्द नसतो.

मालिकेतली धार्मिक चिन्हे पाहणाऱ्याच्या डोळ्यांत लगेच भरतात. 'एव्हांगेलियन' हा मूळ ग्रीक शब्द. मराठी ख्रिस्ती परंपरेत त्यालाच 'शुभवर्तमान' म्हणतात. कथेत आदाम आहे, लिलिथ आहे, मृत समुद्राच्या गुंडाळ्या आहेत. येशूच्या कुशीत भाला खुपसणाऱ्या सैनिकाचे परंपरेतले नाव लाँगिनस; त्याच्या नावाचा भाला इथे आहे. ज्यू गूढवादातला जीवनवृक्ष गेंदोच्या दालनाच्या छतावर कोरलेला आहे, आणि शत्रू फुटला की आकाशात क्रूसाच्या आकाराचा लोळ उठतो. यावर जगभर ढीगभर लिहिले गेले. पण आन्नोंचे जुने सहकारी काझुया त्सुरुमाकी यांनी पुढे मोकळेपणाने सांगून टाकले की जपानमध्ये यंत्रमानवांच्या मालिका पुष्कळ होत्या, त्यांत आपली उठून दिसावी म्हणून ही चिन्हे घेतली. ती परकी आणि गूढ वाटत होती, त्यांत ख्रिस्ती अर्थ अभिप्रेत नव्हता. जपानमध्ये ख्रिस्ती लोकसंख्या एक टक्क्याच्या आसपास आहे, हे लक्षात घेतले की हा खुलासा पटतो. भाषांतराने गोंधळ आणखी वाढवला. चालून येणाऱ्या जीवांना जपानीत 'शितो' म्हणतात. त्याचा अर्थ प्रेषित, येशूचे बारा प्रेषित या अर्थाने. इंग्रजीत मात्र त्यांचे देवदूत झाले.

एवढ्यावरून मालिकेत धर्मविचारच नाही असे ठरवणे चूक आहे. क्रूस आणि भाले ही नेपथ्यातली सामग्री आहे. धर्माचा खरा प्रश्न 'होकान' या साध्या जपानी शब्दात दडला आहे. होकान म्हणजे उणे असेल ते भरून काढणे, पूर्तता करणे. गेंदो आणि त्याच्यामागची गुप्त मंडळी जी 'मानवपूर्ती योजना' राबवत असतात, तिचे गृहीतक असे की प्रत्येक माणूस अपुरा आहे आणि त्याच्या दुःखाचे मूळ या अपुरेपणात आहे. आत्म्याआत्म्यांमधल्या भिंती पाडून सगळ्यांना एकात मिसळले की कोणाला एकटेपण नाही, गैरसमज नाही, वियोग नाही. मालिकेच्या सुरुवातीला एटी फील्ड नावाचे एक कवच दिसते, शत्रूभोवतीची अभेद्य ऊर्जा म्हणून. चोविसाव्या भागात कळते की असे कवच प्रत्येक माणसालाही असते. ते त्याच्या मनाचे कुंपण. कुंपण विरले की देहही विरतो आणि नारिंगी द्रवाचा समुद्र उरतो.

चौथ्या भागाच्या इंग्रजी नावात एक बोधकथा येते. ती जर्मन तत्त्वज्ञ शोपेनहाउएर यांची, १८५१ मध्ये प्रसिद्ध झालेली. कडाक्याच्या थंडीत साळिंदरे उबेसाठी एकमेकांना बिलगतात. काटे टोचतात म्हणून दूर सरतात. गारठतात, पुन्हा जवळ येतात. शेवटी थोडी ऊब मिळेल आणि काटे सोसवतील असे अंतर त्यांना सापडते. मालिकेतल्या प्रत्येक नात्याला ही कथा लागू पडते. शिंजी कोणाजवळ जात नाही, कारण टोचेल. त्याच्यासारखीच एव्हा चालवणारी आस्का स्वतःच काटे उभारून फिरते. मात्र शोपेनहाउएर यांचे संपूर्ण तत्त्वज्ञान पाहिले तर एक विरोध दिसतो. दारा शुकोहच्या फारसी भाषांतरावरून लॅटिनमध्ये आलेली उपनिषदे ते वाचत असत आणि त्यांना फार मानत असत. माणसामाणसांतला भेद हा आभास आहे, करुणा म्हणजे त्या आभासापलीकडे पाहणे, असे त्यांचे मत होते. आन्नोंनी त्यांची साळिंदरे घेतली आणि निष्कर्ष उलटा काढला. भेद खरा आहे. काटेही खरे आहेत. त्यांच्यासकट जवळ कसे जायचे, एवढेच ठरवायचे आहे.

हा निष्कर्ष सहज निघाला नाही. मालिकेचे शेवटचे दोन भाग वेळ पुरत नसताना तयार झाले. त्यांत लढाई नाही, प्रसंग नाहीत. स्थिर चित्रे, छायाचित्रे, अर्धवट रेखाटने आणि शिंजीच्या मनातली प्रश्नोत्तरे आहेत, आणि शेवटी सगळी पात्रे गोल करून टाळ्या वाजवत त्याचे अभिनंदन करतात. चाहत्यांचा संताप झाला. मग १९९७ च्या मार्चमध्ये एक चित्रपट आला, तोही पुरा न झालेला, आणि १९ जुलै १९९७ रोजी 'द एन्ड ऑफ एव्हांगेलियन' आला. त्यात योजना तडीला जाते. सगळी मानवजात समुद्रात विरघळते. निर्णय शिंजीच्या हाती येतो आणि तो म्हणतो की माणसे पुन्हा वेगवेगळी व्हावीत, मला पुन्हा दुखावणार असली तरी. पुढच्याच दृश्यात तो आणि आस्का उजाड किनाऱ्यावर पडलेले दिसतात. तो तिचा गळा आवळतो, ती त्याच्या गालावरून हात फिरवते, आणि तिच्या तोंडून किळसेचा एक उद्गार निघतो. चित्रपट तिथेच थांबतो.

मराठी वाचकाला ही निवड अगदी परकी वाटणार नाही. वारकरी परंपरेने मोक्षापेक्षा भक्तिसुख मोठे मानले. देवाशी एकरूप झाल्यावर प्रेम करायला दुसरा उरतच नाही, म्हणून पुन्हा जन्म मागणारा भक्त तिथे वेडा ठरत नाही. पण त्या भक्ताला विठ्ठलाची खात्री असते. शिंजीला समोरच्या माणसाची कसलीच खात्री नाही, तरीही तो वेगळेपण मागतो. १९९७ चा शेवट खडतर आहे तो यामुळे.

त्याच चित्रपटात एक जागा अशी आहे की चित्रे थांबतात आणि पडद्यावर प्रत्यक्ष चित्रित केलेले चित्रपटगृह दिसते, प्रेक्षकांनी भरलेले. आसपास चाहत्यांनी पाठवलेले संदेश झळकतात, त्यांत शिवीगाळही आहे. दिग्दर्शक प्रेक्षकांना आरसा दाखवतो आणि म्हणतो की स्वप्नात राहू नका, बाहेर जा. सांगणे खरे होते. पण ते रागाने सांगितले गेले होते. ज्याला बाहेरच्या जगाची भीती वाटते त्याला रागावून बाहेर हाकलता येत नाही, हे उमगायला आन्नोंना आणखी बरीच वर्षे लागली.

२००६ मध्ये त्यांनी कारा हा स्वतःचा स्टुडिओ काढला. हे नाव ग्रीकमधल्या आनंदवाचक शब्दावरून घेतलेले आहे. 'एव्हांगेलियन' नव्याने सांगण्यासाठी काराने चित्रपटमालिका हाती घेतली आणि खर्च स्वतः उचलला. जपानी ॲनिमेशनमध्ये सहसा अनेक कंपन्या मिळून निर्मिती-समिती बनवतात आणि प्रत्येकीचा शब्द ऐकावा लागतो; काराला तो बांध नव्हता. हे स्वातंत्र्य ज्या पैशांवर उभे होते त्यांत कॉफीचे डबे, खेळणी, पाचिंको यंत्रे अशा मालाचा मोठा वाटा होता, हे विसरता येत नाही. पुढे शिन-ओसाका ते हाकाता मार्गावर २०१५ ते २०१८ पर्यंत एव्हाच्या रंगातली बुलेट ट्रेनही धावली.

नवा उपक्रम जाहीर करताना आन्नोंनी एक निवेदन काढले होते. त्यात त्यांनी लिहिले की एव्हा ही पुनरावृत्तीची कथा आहे. तिचा नायक पुन्हा पुन्हा पोळतो आणि तरी उठून उभा राहतो. पहिला चित्रपट १ सप्टेंबर २००७ रोजी आला, दुसरा २७ जून २००९ रोजी, तिसरा १७ नोव्हेंबर २०१२ रोजी. पहिला जुन्या कथेला धरून आहे, दुसरा वाट सोडतो, तिसरा चौदा वर्षे पुढे उडी मारून शिंजीला अशा जगात उभा करतो जिथे त्याच्या कृतीने सर्वनाश झाला आहे आणि कोणी त्याच्याशी धड बोलत नाही. तिसऱ्यानंतर आन्नो पुन्हा कोसळले. स्टुडिओत पाऊल टाकणेही त्यांना जमेना, आणि चौथा चित्रपट बाजूला पडला. मधल्या काळात त्यांनी मियाझाकींच्या 'द विंड रायझेस' या चित्रपटात नायकाला आवाज दिला आणि २०१६ मध्ये 'शिन गॉडझिला' हा चित्रपट केला. त्यानंतरच ते एव्हाकडे वळू शकले.

चौथ्या चित्रपटाच्या घडणीची हकिकत लोकांना कळली ती एनएचके या सार्वजनिक वाहिनीमुळे. तिच्या चमूने काही वर्षे काराच्या कार्यालयात तळ ठोकून माहितीपटासाठी चित्रण केले. ॲनिमेशनपटाचे काम रूढीप्रमाणे स्टोरीबोर्डपासून सुरू होते. दिग्दर्शक चौकटी काढतो, कोण कुठे उभे, कॅमेरा कुठून पाहतो हे ठरवतो, आणि शेकडो चित्रकार त्याबरहुकूम काढतात. सगळा चित्रपट आधी एका माणसाच्या डोक्यात तयार असतो. आन्नोंनी ही रीत सोडली. चित्रपटात 'तिसरे गाव' म्हणून एक वस्ती आहे. सर्वनाशातून वाचलेली माणसे तिथे राहतात. त्या वस्तीचे लघुरूप स्टुडिओत प्रत्यक्ष बांधले गेले: घरे, रूळ, झाडे, उतार. माणसे त्यावर वाकून, मोबाइलचे कॅमेरे घरांच्या फटींत घालून कोन शोधत राहिली. संवेदक लावलेले कपडे घालून नटांनी प्रसंग करून दाखवले. त्या हालचाली संगणकात घेतल्या आणि त्यांच्याभोवती आभासी कॅमेरा फिरवून शेकडो कोन टिपले. ते सगळे दिग्दर्शकानेच टिपायचे असा नियम नव्हता. आन्नोंना आपल्या डोक्यात नसलेले काहीतरी हवे होते.

सुरुवातीच्या भागाचा असा कच्चा आराखडा झाल्यावर त्यांनी सहकाऱ्यांची मते मागवली. ती अनुकूल नव्हती. आन्नोंनी तो भाग बाजूला ठेवला आणि संहिता पुन्हा लिहायला घेतली. वेळापत्रक कोसळले, माणसे थकली, आणि या रीतीचा भार सहकाऱ्यांनी वाहिला हे मान्य केलेच पाहिजे. अखेरचा शब्दही आन्नोंचाच होता. तरी ही हकिकत निर्मितीच्या गमतीजमतीत मोडत नाही. जो माणूस पंचवीस वर्षे 'दुसऱ्याची भीती' या विषयावर काम करतो आहे, त्याने शेवटच्या कामात दुसऱ्याची नजर मुद्दाम आत येऊ दिली. आपले कुंपण थोडे उघडे ठेवायचे पण मोडायचे नाही, हे साळिंदरांचे अंतर इथे कामाच्या पद्धतीत सापडते.

त्याच माहितीपटात आन्नोंच्या वडिलांचा उल्लेख येतो. तरुणपणी कामावरच्या अपघातात त्यांचा एक पाय गेला होता. जगाविषयीची कडवट चीड त्यांच्यात होती आणि ती मुलाने पाहिली. आपल्याला मोडलेल्या, भाग तुटलेल्या यंत्रमानवांचे आकर्षण का, याचे मूळ आन्नो तिथे शोधतात. काही तरी नसलेले शरीर त्यांच्यासाठी वडिलांचे शरीर होते, आणि ते प्रेमाचे शरीर होते. हे समजले की 'मानवपूर्ती' या शब्दाला वेगळेच वजन येते. जे उणे आहे ते भरून काढलेच पाहिजे असे कोणी म्हटले, तर ज्याच्या घरात उणेपण रोज जेवायला बसत होते त्या मुलाने काय म्हणावे?

चित्रपटाचा सर्वांत समृद्ध भाग तिसऱ्या गावातला आहे. मालिकेतल्या रेई आयानामी या एव्हाचालक मुलीसारखी दिसणारी एक मुलगी, प्रयोगशाळेत बनलेली, नावही नसलेली, शिंजीबरोबर इथे येते. गावातल्या बायका तिला भात लावायला नेतात. अंगावर वैमानिकाचा तोच घट्ट पोशाख. चिखलात पाय रुततात, तोल जातो. शेजारच्या म्हाताऱ्या हसतात आणि रोप कसे धरायचे ते दाखवतात. एका ओळीत वाकून सगळ्याजणी मागे मागे सरकत लावणी करतात. घरी आल्यावर ही मुलगी तान्ह्या बाळाकडे टक लावून पाहते आणि एकेका शब्दाचा अर्थ विचारते. सकाळी उठल्यावर काय म्हणतात, झोपताना काय, आभार कसे मानतात. 'सायोनारा' म्हणजे काय, हे विचारल्यावर तिला उत्तर मिळते की पुन्हा भेट व्हावी म्हणून घातलेला तो एक मंत्र आहे. तिचे शरीर या जागी टिकणारे नसते. ती विरघळण्याआधी तिच्या मनात येते की भाताची कापणी करायची राहिली.

या दृश्यांत उपदेशाचा एक शब्द नाही. पण होकानला दिलेले उत्तर इथेच आहे. गावातले प्रत्येक माणूस अपुरे आहे. कोणाचे घर गेले, कोणाचे आईबाप. पुरते कोणीच नाही म्हणून माणसे वाटून घेतात: भाजी, औषध, बाळ सांभाळायची पाळी. उणीव ही देवाणघेवाणीची जागा होते. सगळे एकात मिसळले असते तर भात लावायला दुसरी ओळ कुठून आली असती? शिंजी या गावात कितीतरी दिवस एक शब्द बोलत नाही, आणि गाव त्याला बोलायला भाग पाडत नाही. त्याला हवे तेवढे अंतर मिळते. १९९७ मध्ये जो राग होता त्याच्या जागी आता हा धीर आहे, आणि चित्रपटाचे मोठेपण त्यात आहे.

उत्तरार्धात बापलेकाची लढाई होते. ती लढली जाते मात्र चित्रीकरणाच्या नेपथ्यात. शहराच्या इमारती लघुप्रतिकृतींसारख्या सरकतात, आकाश हा रंगवलेला पडदा निघतो. पाहणाऱ्याला कळते की हे सगळे बनवलेले आहे. गेंदो मग रेल्वेच्या डब्यात आपली कहाणी सांगतो. लहानपणापासून माणसांपेक्षा पुस्तके आणि पियानो बरे वाटले, एक बायको तेवढी आपली वाटली, आणि ती गेली. मानवजातीच्या पूर्ततेची सगळी योजना तिला पुन्हा भेटण्यासाठी होती. उद्धाराच्या नावाखाली एका माणसाचा न सोसवलेला शोक. डॅनिश तत्त्वज्ञ किएर्केगार यांच्या १८४९ मधल्या 'मरणप्राय आजार' या ग्रंथाचे नाव मालिकेच्या सोळाव्या भागाला दिले आहे. त्यांच्या मते निराशा म्हणजे स्वतः असण्याला नकार. गेंदोची निराशा जगाला बदलून स्वतःला टाळू पाहते. मुलाच्या चेहऱ्यात त्याला अखेर बायको दिसते, तेव्हा तो गाडीतून उतरून जातो.

त्यानंतर शिंजी एकेकाला निरोप देतो: आस्काला त्या जुन्याच किनाऱ्यावर, मग मित्र कावोरूला, मग रेईला. जुन्या भागांची शीर्षके पडद्यावर सरकतात. शेवटी तो एकटा समुद्रकाठी बसतो, आणि चित्र उकलत जाते. रंग जातात, छटा जातात, उरतात पेन्सिलीच्या कच्च्या रेषा. १९९६ मध्ये वेळ नव्हता म्हणून कच्च्या रेषा दिसल्या होत्या. या वेळी त्या हेतूने आल्या आहेत. मारी नावाची मुलगी त्याला शोधत येते आणि चित्रात रंग परततात. दुसरा माणूस आला की जग पूर्ण दिसते, हे इतक्या साध्या रीतीने क्वचितच दाखवले गेले असेल.

प्रसिद्धीचा प्रश्न वेगळा आणि अवघड आहे. चित्रपटाच्या जाहिरातीचे ब्रीद सर्व एव्हांगेलियनना निरोप देणारे होते. जिथे आसक्तीच विकली जाते तिथे निरोपही विकायला काढला, असा आक्षेप घेता येतो. ६ जुलै २०१९ रोजी पहिल्या दहाएक मिनिटांचे दृश्य पॅरिससह अनेक शहरांत एकाच दिवशी दाखवले गेले. प्रदर्शनाची पहिली तारीख २७ जून २०२० होती. करोनामुळे ती गेली. दुसरी २३ जानेवारी २०२१, तीही गेली. अखेर ८ मार्च ठरली. तो सोमवार होता. जपानमध्ये चित्रपट सहसा शुक्रवारी लागतात. पहिल्या दिवशी सुमारे ५ लाख ४० हजार लोकांनी तो पाहिला आणि ८० कोटी येन जमले. दोन आठवड्यांनी एनएचकेचा माहितीपट दाखवला गेला. एप्रिलमध्ये आन्नो स्वतः चित्रपटगृहाच्या मंचावर आले आणि त्यांनी प्रेक्षकांचे आभार मानले. एरवी ते असे मंच टाळत आले आहेत. १२ जूनपासून किरकोळ दुरुस्त्या केलेली प्रत दाखवली जाऊ लागली आणि प्रेक्षकांना एक पुस्तिका भेट मिळू लागली. तिच्यात तिसऱ्या चित्रपटाआधीची एक छोटी मांगा होती. जुलैमध्ये उत्पन्नाने १,००० कोटी येनचा टप्पा ओलांडला. १३ ऑगस्ट २०२१ पासून तो प्राइम व्हिडिओवर जगभर उपलब्ध झाला, आणि पुण्या-मुंबईतल्या चाहत्यांनी तो घरी बसून पाहिला.

या सगळ्यात पुस्तिकेची भेट खटकते. निरोप घेऊन झाल्यावर दारात पुन्हा थोपवून ठेवण्यासारखे ते आहे, आणि अडीच तासांनी जे साधले त्याला ते काही देत नाही. बाकीच्या प्रसिद्धीबद्दल मात्र तसे म्हणता येत नाही. निरोपाची जाहिरात खोटी ठरते ती निरोप दिला नाही तर. इथे चित्रपट आपले नेपथ्य स्वतः मोडून दाखवतो, पात्रांना एकेक करून घरी पाठवतो, आणि प्रेक्षकालाही उठून जाण्याची मोकळीक देतो. १९९७ मध्ये प्रेक्षागृहावर रोखलेला कॅमेरा या वेळी दाराकडे वळला आहे. नाममुद्रा, खेळणी आणि कॉफीचे डबे पुढेही विकले जातील. ती बाजाराची बाब आहे. ज्या माणसाने कथा सांगितली त्याने ती सोडली, आणि कशी सोडायची हे दाखवून सोडली. त्यामुळे 'शिन एव्हांगेलियन' हा या प्रश्नाला मिळालेला अधिक खरा शेवट आहे. १९९७ चा अधिक तीव्र असेल.

शेवटचे दृश्य उबे-शिनकावा स्थानकातले आहे, आन्नोंच्या जन्मगावातले. फलाटावर मोठा झालेला शिंजी बसला आहे. मारी त्याच्या गळ्यातला पट्टा काढते, तो तिचा हात धरतो, आणि दोघे जिन्यावरून पळत बाहेर जातात. कॅमेरा वर उठतो, रेखाटलेल्या चित्रातून प्रत्यक्ष चित्रणात जातो, आणि खाली खरे उबे पसरलेले दिसते: रूळ, छपरे, कारखाने. पंचवीस वर्षे शिंजीला मेगुमी ओगाता या अभिनेत्रीचा आवाज होता. या दृश्यात तो र्युनोसुके कामिकी या अभिनेत्याचा आहे.